चहाच्या रंगाचं पाणी

तुरटीचा खडा दिसला की आजही माझं डोकं फिरतं. मग तो दाढीच्या सामानात असो, वाण्याच्या बरणीत असो, की पावसाळ्यात कुणाच्या मोरीत दोऱ्याला टांगलेला असो. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी नवऱ्याला सांगून टाकलं होतं, घरात तुरटी येणार नाही, दाढी करताना कापलं तर कापू दे. त्यानं कारण विचारलं नाही. बायको जरा तिरसट आहे एवढंच त्यानं मनाशी धरलं असेल, आणि ते काही खोटं नाही. पण माझ्या तिरसटपणाचं मूळ आमच्या पेणच्या घरात, रामवाडीतल्या ओटीवर ठेवलेल्या एका काचेच्या पेटीत आहे. ते मी इतकी वर्षं कुणाला नीट सांगितलं नव्हतं. आता साठी आली आहे, आणि गेल्या महिन्यात माझ्या इथल्या, रोह्याच्या घरात असं काही झालं की आता सगळं एकदा लिहूनच काढते.

आमचं घर एकत्र होतं. आजी, मोठे काका, काकू, त्यांची मुलं, माझे बाबा, आई आणि मी. घर हायवेपासून इतकं जवळ की ट्रक गेला की मांडणीवरची भांडी किणकिणायची. सकाळी सगळ्यांत आधी ऐकू यायचं ते काकांचं गुळण्या करणं, मग बंबात लाकडं सारल्याचा आवाज, आणि नऊच्या सुमाराला मागच्या पडवीत आईचं पापडाचं पीठ कुटणं सुरू व्हायचं. पोह्याचे पापड पेणमध्ये घरोघर होतात, पण आईच्या हाताचे वेगळे, असं काकूसुद्धा मान्य करायची, अर्थात आईच्या पाठीमागे. पापडखार, मिरची आणि हिंग यांचा वास त्या पडवीच्या मातीत मुरला होता. घर मात्र काकांचं. म्हणजे कागदावर दोघा भावांचं असेल, पण रोज चालायचं ते काकांचं. रोह्याच्या कंपन्यांना ते माणसं पुरवायचे, कोणाला कुठे चिकटवायचं हे त्यांच्या शब्दावर होतं, म्हणून सकाळपासून ओटीवर कोणी ना कोणी चपला काढून बसलेलं असे. काका पांढरी सफारी घालत. त्यांना सगळं पांढरं आणि स्वच्छ लागे: टॉवेल पांढरा, कप पांढरा, भात पांढरा, आणि पाणी काचेसारखं. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येई तेव्हा ते स्वतः हंड्यांपाशी बसून तुरटीचा खडा फिरवत. गाळ खाली बसला की पेल्यात पाणी घेऊन उजेडाकडे धरत आणि आम्हा मुलांना म्हणत, "बघा. ह्याला म्हणतात पाणी." आम्ही बघायचो. न बघायची टाप होती कोणाची?

ती काचेची पेटी आणली वसंत मामानं. वसंत मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. रोह्याच्या एका कंपनीच्या लॅबमध्ये तो टेम्पररी होता, काकांनीच चिकटवलेला. पेणच्या बाजारात काच कापून देणाऱ्याकडून लोखंडी पट्ट्यांच्या चौकटीत लांबी, म्हणजे पुट्टी, भरून त्यानं ती पेटी करून घेतली आणि माझ्या वाढदिवसाला ओटीवर आणून ठेवली. पहिले मासे महिन्याभरात मेले. दुसरेही मेले. तेव्हा मामानं लॅबमधून पिवळ्या कागदाच्या पट्ट्यांची एक गुंडाळी आणली आणि मला शिकवलं. पट्टी पाण्यात बुडवायची आणि रंग बघायचा. हिरवा आला तर पाणी ना आंबट ना खारं. पिवळ्याकडे गेला तर थोडं आंबट, आणि शेंदरी झाला तर मासा गेलाच म्हणून समज. "आपलं कोकणातलं पाणी मऊ, गो," तो म्हणाला. "पावसाचंच पाणी ते. त्यात धरून ठेवायला काय नाय. जरा आंबट पडलं की धाडकन खाली येतं." मग धरून ठेवायला काय घालायचं? शिंपल्या. तिसऱ्यांचं कालवण झालं की आई शिंपल्या धुऊन पत्र्यावर वाळवायची, वरवंट्यानं भरड करायची आणि जुन्या परकराच्या कापडाची पुरचुंडी करून पेटीत पंपाचे बुडबुडे निघतात तिथे सोडायची. त्या शिंपल्या हळूहळू विरघळतात आणि पाण्याला आंबट पडू देत नाहीत. मामा हे सगळं फार छान समजावून सांगायचा. त्याच्याइतकं छान मला कॉलेजातसुद्धा कोणी समजावलं नाही, आणि याच गोष्टीचा मला आज सर्वांत जास्त संताप येतो.

लाकूड मात्र आईनं आणलं. एका पावसाळ्याच्या शेवटी ती माहेरी, रोह्याला गेली होती. कुंडलिकेचा पूर ओसरला होता आणि घरामागच्या काठावर कसल्यातरी झाडाचं मूळ येऊन पडलं होतं. पाण्यानं साल गेलेलं, गुळगुळीत झालेलं, तीन फाटे वर आलेले. आईनं ते धुतलं, लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलं आणि एसटीत मांडीवर घेऊन पेणपर्यंत आणलं. "तुझ्या माशांना बसायला," म्हणाली. नुसतं टाकून चालत नाही, हे मामानं सांगितलेलं. मागच्या चुलीवर मोठ्या पातेल्यात ते लाकूड आम्ही दिवसचे दिवस उकळलं. पाणी चहासारखं काळंतांबडं व्हायचं, ते ओतायचं आणि पुन्हा उकळायचं. घरभर ओल्या जंगलासारखा वास सुटे आणि काकू जाता-येता विचारी, "काय गो, आज लाकडाची आमटी हाय का?" आई हसायची. उकळूनही ते तरंगायचंच, मग त्याला खाली कडप्प्याचा तुकडा बांधला. पेटीतलं पाणी हळूहळू फिक्या चहाच्या रंगाचं झालं आणि तसंच राहिलं. त्या रंगात मासे असे खुलले की विचारू नका. एंजल माशांची जोडी होती, गोरामी होते. पूर्वी कोपऱ्यात दबून असायचे, ते आता पाटलाच्या ऐटीत मधून फिरायला लागले.

ज्यांना हा नाद आहे त्यांना माहीत असेल, लाकूड पाण्याला आंबट करत नेतं आणि शिंपल्या त्याला मागे ओढतात. आपलं काम एवढंच की दोघांचं भांडण होऊ द्यायचं नाही. दर शनिवारी तांब्या-तांब्यानं थोडं पाणी काढायचं आणि आदल्या दिवशी मडक्यात भरून ठेवलेलं तेवढंच घालायचं. आमच्या मडक्यात तुरटी नाही. गढूळ पाणी फडक्यानं गाळून, तसंच निवू दिलेलं. मग पट्टी बुडवायची. आमची पट्टी नेहमी पिवळसर हिरवी यायची, सोललेल्या मुगासारखी. हल्ली माझ्याकडे मुलं येतात, फोनवर बघून, आणि विचारतात, आकडा किती हवा? मी त्यांच्यावर खेकसते. अरे, आकडा थोडा इकडेतिकडे असला तर मासा सवय करून घेतो. मासा मरतो झटक्यानं. जे आहे ते तसंच राहू द्या, एवढं जरी माणसांना जमलं असतं तरी पुष्कळ झालं असतं.

आईला तो नाद माझ्यापेक्षा जास्त लागला. त्या घरात आईचं म्हणून काही नव्हतं. पापड विकले जायचे ते काकूच्या हातानं, भाजी काय करायची ते काकू ठरवणार, आईच्या ट्रंकेची किल्लीसुद्धा देवघरात. पण पेटीसमोर ती दुपारी पाय पसरून बसायची आणि तेवढा वेळ कोणी हाक मारली तरी लवकर ओ द्यायची नाही. आणखी एक गोष्ट तिची होती: गणपतीचे उकडीचे मोदक. आमच्याकडे नैवेद्याचे मोदक तिच्याच हाताचे. पारी इतकी पातळ की आतलं गुळाचं सारण दिसावं. त्या दिवसापुरती काकूही तिच्या हाताखाली नारळ खोवायला बसे.

त्या वर्षी गणपतीच्या तोंडावर एंजलनं अंडी घातली. लाकडाच्या मधल्या फाट्यावर, ओळीत, राजगिऱ्याच्या दाण्यांएवढी. जोडी आळीपाळीनं पंखांनी वारा घालत होती. आईनं मला शाळेतून आल्या आल्या हाताला धरून तिथे नेलं आणि कुजबुजली, "बोलू नको मोठ्यानं. बाळंतीण हाय." मामानं सांगितलं होतं की पाणी फार दिवस न डळमळता राहिलं तरच ही जोडी अंडी घालते. म्हणजे आम्हाला जमलं होतं! माझा आनंद पोटात मावत नव्हता. काका मात्र मखराची जागा बघायला ओटीवर आले आणि पेटीकडे बोट दाखवून म्हणाले, "हे गटार गणपतीच्या बाजूला ठेवणार काय? परवा लोक येतील दर्शनाला." आई पदर सावरत म्हणाली, "लाकडाचा रंग हाय भावजी. घाण नाय ती." काका काही बोलले नाहीत. ते बोलले नाहीत म्हणजे त्यांनी ऐकलं, असं आम्हाला वाटलं.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे चतुर्थीच्या आदल्या दिवशी, सकाळीच बाबा आणि मी हमरापूरला मूर्ती आणायला गेलो. ठरलेलं घर होतं. पडवीत, अंगणात, ताडपत्रीखाली गणपतीच गणपती, रंगाचा वास डोक्यात भिनणारा, आणि मूर्तिकाराची सून शेवटचे डोळे लिहीत होती म्हणून आम्हाला दुपार टळेपर्यंत थांबावं लागलं. मला घाई होती, अंडी फुटतील म्हणून. रिक्षातून येताना मूर्ती बाबांच्या मांडीवर, तोंडावर रुमाल, आणि मी पाटाला धरून बसलेली. दारात काकूनं बाबांच्या पायावर पाणी घातलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, औक्षण केलं. काकूच्या खांद्यावरून मला आतली ओटी दिसत होती. पेटीतलं पाणी लख्ख होतं. इतकं लख्ख की पेटीत पाणी आहे की नाही तेच कळू नये. आणि पेटीच्या झाकणाला बांधलेल्या दोऱ्यावर, पाण्याच्या मधोमध, मुठीएवढा तुरटीचा खडा लोंबत होता.

मी मूर्तीच्या आधी आत शिरले. त्यावरूनही पुढे बोलणी खाल्ली. मासे सगळे वर आले होते, तोंड पाण्याबाहेर काढून हवा गिळत होते. अंगावर पांढरा चिकटा, कल्ले तांबडे. एंजलची मादी लाकडाशेजारी आडवी पडली होती आणि नर अजून अंड्यांना वारा घालत होता, त्या पांढऱ्याफटक पडलेल्या अंड्यांना! मी खडा दोऱ्यासकट ओढून काढला आणि ओरडले, तशी दिवसभर मागच्या पडवीत सणाच्या कामात अडकलेली आई धावत येऊन माझ्या मागे उभी राहिली. काका हसत मागे उभे. "बघ कसं झालं पाणी. सकाळपासून टाकलाय. तुम्हाला दोघींना महिनोन् महिने जमलं नाय."

"तुरटीनं मेले! काका, तुरटीनं पाणी आंबट होतं!"

"ए पोरी," काकांचं हसू गेलं. "तेच पाणी आपण पितो सगळे. माणूस मरत नाय आणि मासा मरतो काय?"

घरात सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि तुम्हीच सांगा, त्याला उत्तर काय द्यायचं? मी पंधरा वर्षांची. मला माहीत होतं, पण मला सांगता येत नव्हतं की हंड्यात खडा दोनदा फिरवतात आणि काढतात, तो दिवसभर लोंबकळत ठेवत नाहीत. की आपलं मऊ पाणी तुरटी पडली की स्वतःला सावरू शकत नाही. की माणूस पाणी पितो आणि मासा पाण्यातच श्वास घेतो. हे सांगता येणारा माणूस त्या घरात एकच होता. वसंत मामा सणाला आला होता आणि खांबाला टेकून उभा होता.

"मामा, पट्टी बुडव ना. दाखव ह्यांना."

त्यानं एकदा काकांकडे पाहिलं. मग पेटीपाशी आला, खिशातून पट्टी काढली, कोपऱ्यात, सगळ्यांकडे पाठ करून बुडवली. मी त्याच्या कोपरापाशी होते. पट्टी शेंदरी झाली. मारुतीला फासतात तशी शेंदरी. मामानं ती बघितली, मुठीत दाबली आणि शर्टाच्या खिशात घातली.

"काय रे वसंता?" काकांनी विचारलं.

"आंबट झालंय पाणी, दादा," मामा म्हणाला. मला वाटलं आता बोलेल. "लाकडात आंबटपणा असतोच. कुजलं असेल आतून. लाकडाचंच असणार."

खोटं बोलावं तर असं. एकही शब्द धड खोटा नाही. लाकूड आंबटपणा सोडतं हे त्यानंच मला शिकवलं होतं. पण लाकडानं एका दिवसात मुगासारखी पट्टी शेंदरी होत नाही, हेही त्यानंच शिकवलं होतं. मी किंचाळले, "पट्टी दाखव! खिशात आहे त्याच्या!" तो म्हणाला, "फाटली गो ती, ओली होऊन." मी त्याच्या खिशाला हात घातला आणि बाबांनी मूर्ती उंबऱ्याशी टेकवून, आत येऊन मला थोबाडीत मारली. सणाच्या तोंडावर, गणपती दारात असताना. बाबांनी आयुष्यात मला मारलेली ती एकच. तिचा राग मला कधीच आला नाही. मामाचा आला, तो अजून उतरलेला नाही.

मग काकूला आठवलं की लाकूड कुठून आलं. "नदीवरून उचलून आणलेलं ना? रोह्याच्या? वरच्या अंगाला काय हाय ठाऊक हाय ना?" आता कुठल्याही नदीला वरच्या अंगाला कुठे ना कुठे स्मशान असतंच. पण एवढं बोलणं पुरलं. पुढच्या घटकाभरात माझ्या आईनं माहेराहून स्मशानातलं लाकूड आणून सणाच्या घरात ठेवलं असं ठरूनही गेलं. मूर्ती अजून दारातच होती. कोणी आईला विचारलं नाही. काका म्हणाले, "आधी ते बाहेर काढा. आणलं तिनंच काढायचं." मी आईकडे बघत राहिले. ती तिच्या भावाकडे बघत होती. मामा चपला शोधत होता.

आईनं बांगड्या वर सारल्या आणि पेटीत हात घातला. कडप्पा सोडला. पण लाकूड काढायच्या आधी ती स्वयंपाकघरात गेली आणि वाटीत चिमूटभर पापडखार पाण्यात कालवून घेऊन आली, आणि चमच्या-चमच्यानं पेटीत सोडायला लागली. आंबटावर उतारा म्हणून. आमच्या मडक्यातलं पाणी काकूनं ओटी धुवायला संपवलं होतं आणि हंडे सगळे तुरटीचे. दुसरं काही हाताशी नव्हतं. काकू ओरडली, "आता ते पण घालतेस? मेलेल्यांना परत मारतेस?" आई थांबली नाही. त्या पापडखारानं दोन गोरामी वाचले. पुढे सांगताना काकू मात्र असंच सांगायची की स्मशानातल्या लाकडानं निम्मे गेले आणि आमच्या धाकटीच्या पापडखारानं निम्मे.

मग आई ते ओलं लाकूड कुशीत घेऊन भोगावतीवर गेली. मी मागे मागे. त्याच्या फाट्यावर ती पांढरी अंडी अजून चिकटलेली होती. पाऊस लागत होता, नदी भरून चालली होती. आईनं लाकूड सोडलं, ते एकदा बुडालं, वर आलं आणि गेलं. मी रडत म्हणाले, "आई, तुरटीनं मेले. मामाची पट्टी शेंदरी झालेली, मी बघितली." आई म्हणाली, "गप बस. लाकडाचंच असेल. वसंता काय खोटं बोलेल?" परत आल्यावर तिला मागच्या दारी डोक्यावरून आंघोळ घालून घरात घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उकड काढायला बसली तेव्हा काकू तिच्या हातातून पातेलं घेत म्हणाली, "ह्या वर्षी नैवेद्याचं मी बघते. तू पाहुण्यांचे कर." ह्या वर्षी म्हणाली होती. त्यानंतर आईच्या हातचा मोदक त्या घरात देवापुढे कधी गेला नाही. आजी पडली तर ते लाकूड, काकांचा टेंपो उलटला तर ते लाकूड. दिवाळीच्या सुमाराला मामा कंपनीत पर्मनंट झाला आणि पेढे घेऊन आला. आईनं पेढा खाल्ला. मी ओटीवरून खाली थुंकले.

आता तुम्हाला कळेल की माझा राग दोघांवर होता. मामावर होता तो उघड, मी त्याच्याशी लग्नात बोलले नाही, बारशात बोलले नाही. पण आईवरचा आतला होता आणि तो जास्त जाळायचा. तिनं माझा शब्द धरला नाही, भावाचा धरला. मी शिकले, विज्ञान शिकवायला लागले, वर्गात पोरांना पट्ट्या बुडवायला दिल्या की दर वर्षी आलेला रंग वर धरून सगळ्यांना दाखवायला लावायचे. लग्न होऊन मी रोह्यालाच आले, काका-काकू गेले, बाबा गेले, आई माझ्याकडे राहायला आली. माझ्या घरात पेटी आहे, मोठी, त्यात मूळ आहे, पाणी चहाच्या रंगाचं आहे. आई तिच्यासमोर बसते. पण माझ्या घरच्या गणपतीलासुद्धा ती नैवेद्याच्या मोदकाला हात लावत नाही. "तूच कर," म्हणते. मी कितीदा चिडून विचारलं असेल, अगं का? ती उठून जाते.

गेल्या महिन्यात मामा आला. आता म्हातारा झालाय, मामी गेल्यापासून बहिणीला भेटायला येतो, मी त्याला बस म्हणते आणि आत निघून जाते. त्या दिवशी शेजारच्या वहिनीही बसल्या होत्या. त्यांनी पेटीकडे बघून नाक मुरडलं. "पाणी बदललं नाही का हो? किती गढूळ! लाकूड सडलंय वाटतं, मासे मरतील." मी तोंड उघडणार तेवढ्यात मामा पुढे सरसावला. पाय हलवत, खुशीत, पूर्वीसारखंच छान समजावून सांगायला लागला.

"छे, छे. तो लाकडाचा रंग हाय. पाणी एकदम चांगलं हाय. लाकडानं मासे कधी मरत नाय, वहिनी."

माझ्या हातात स्टीलचा डबा होता, तो मी इतक्या जोरात ठेवला की वहिनी दचकून उठल्याच. त्या गेल्यावर मी मामासमोर उभी राहिले. "परत बोल," मी म्हटलं. "काय म्हणालास ते परत बोल. आत जाऊन आईला सांग. त्या दिवशी पट्टी खिशात घातलीस, ते पण सांग." मामा इकडेतिकडे बघायला लागला, अगदी त्या दिवशी चपला शोधत होता तसा. "केवढं जुनं काढतेस, गो," म्हणाला.

आई आतल्या दारात बसून बिरड्याचे वाल सोलत होती. तिनं मान वर केली नाही.

"मला काय सांगायचंय त्यानं," ती म्हणाली. "शेंदरी झालेली. मी बघितलेली."

मी मामाला सोडून तिच्याकडे वळले. "बघितलेलीस? मग नदीवर मला काय सांगितलंस? इतकी वर्षं..."

"त्याचं काम व्हायचं होतं तुझ्या काकांच्या हातून," आई म्हणाली. वालाचं साल बोटाला चिकटलं होतं, ते तिनं ताटाच्या काठाला पुसलं. "तू ओरडत राहिली असतीस तर त्याला घरी बसवला असता. मंग काय करणार होते मी?"

मामा रडायला लागला. खरंच रडायला लागला, नाक ओढत, लहान मुलासारखा. मला त्याची दया आली नाही. राग कमीही झाला नाही, उलट भडकला. या माणसानं तिच्याच जीवावर नोकरी केली, घर बांधलं, पोरं शिकवली, आणि ती त्या घरात जन्मभर पाहुण्यांचे मोदक वळत राहिली. तिला ठाऊक होतं आणि तिनं एका शब्दानं ते त्याला कळू दिलं नव्हतं, आणि मलाही नाही. मी तिच्यावर रागावून काढलेली सगळी वर्षं एकदम माझ्या अंगावर आली.

आई सवयीनं म्हणाली, "सुले, चहा टाक गो त्याला."

"नाय टाकणार," मी म्हटलं. आमच्या घरातून चहाशिवाय कोणी गेलेलं नाही, मीटर बघायला आलेला माणूससुद्धा नाही. "तुला टाकायचा असेल तर तू टाक."

आई भिंतीला हात लावून उठली. गॅसच्या दिशेला दोन पावलं गेली. मामा डोळे पुसून तिच्याकडे आशेनं बघत होता. ती थांबली, त्याच्याकडे बघितलं, पेटीकडे बघितलं, मग परत येऊन ताटासमोर बसली आणि एक वाल उचलला.

"मंग राहू दे," ती म्हणाली.